कॉलेजातली मुले, श्रद्धा आणि मनःस्वास्थ्य

ऑगस्टअखेर मुलांना डॉर्मवर सोडताना आपण सामानात मेतकूट, लोणचे आणि गणपतीची छोटी मूर्ती आठवणीने ठेवतो. निघताना सांगतो, "रोज रामरक्षा म्हणत जा, बरं का!" या उपासनेचा मुलांच्या मनाला खरोखर आधार होतो का?

ओहायोमधील मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मोठ्या ताणातून गेलेले कॉलेजचे विद्यार्थीही होते. त्यांना संकटात देवाकडे वळण्याच्या दोन तऱ्हा दिसल्या. पहिली तऱ्हा म्हणजे देवाला सोबती मानणे, प्रार्थनेतून धीर घेणे. दुसरी म्हणजे "देव मला शिक्षा करतोय", "देवाने मला टाकले" असे वाटणे. पहिलीचा संबंध सावरण्याशी दिसला, तर दुसरीचा मनाच्या त्रासाशी. हा अभ्यास मुख्यतः ख्रिस्ती लोकांचा होता आणि त्यावरून कारण कोणते, परिणाम कोणता हे ठरत नाही. तरीही आपण घ्यावा असा बोध त्यात आहे.

समजा, मुलगी फोनवर म्हणाली, "आई, कशातच मन लागत नाही." आपण पटकन म्हणतो, "जप सोडलास ना? म्हणूनच!" तिने जप केलेला असतो, तरी बरे वाटत नसते. मग तिला वाटते, माझी भक्तीच कमी पडली. म्हणजे मूळ दुखणे राहिलेच, वर अपराधीपणाचे ओझे! पुढच्या फोनवर ती "सगळं छान आहे" एवढेच सांगते.

म्हणून पालकहो, आधी विचारा: झोप लागते का? जेवतेस ना? बोलायला कोणी आहे का? उदासपणा, कशातही रस न वाटणे, झोप किंवा भूक बिघडणे असे दोन आठवडे टिकले, तर ते नैराश्य असू शकते. बहुतेक विद्यापीठांत समुपदेशन केंद्र असते. तिथे वेळ घ्यायला सांगा. मूल अठरा वर्षांचे झाले की तिथले बोलणे सहसा त्याच्या संमतीशिवाय पालकांना कळवत नाहीत. याचा राग मानू नका. त्या खात्रीमुळेच मुले मोकळी होतात.

जीव नकोसा झाल्याचे मूल बोलले, तर "असं बोलू नये" म्हणून विषय बंद करू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. अमेरिकेत जुलै २०२२ पासून ९८८ या क्रमांकावर रात्रंदिवस फोन किंवा टेक्स्ट करता येतो. जिवाला तातडीचा धोका असल्यास ९११.

घरात टायफॉइड झाला तर आपण नवस बोलतो आणि औषधही देतो. मनाच्या आजारालाही हाच न्याय लावू या.