लॅक्स्टन : खुल्या शेतांचे गाव

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यात, शेरवुडच्या प्रसिद्ध अरण्याच्या पूर्वेस लॅक्स्टन नावाचे एक लहानसे खेडे आहे. लाल विटांची, कौलारू छपरांची घरे, मध्ययुगीन चर्च, ‘डव्हकोट इन’ ही पांथशाळावजा खानावळ आणि गावाच्या उत्तरेस नॉर्मन काळातील किल्ल्याची मातीची उंच टेकडी, एवढेच पाहून परतणाऱ्या प्रवाशाला हे गाव इतर इंग्रजी खेड्यांहून फारसे वेगळे वाटणार नाही. परंतु इतिहासकारांच्या दृष्टीने लॅक्स्टनचे महत्त्व त्याच्या शेतांत आहे. मध्ययुगात इंग्लंडच्या फार मोठ्या भागात रूढ असलेली खुल्या शेतांची पद्धत तिच्या नियमांसह व न्यायसभेसह येथे आजही चालू आहे.

तीन शेतांची पद्धत

१०८६ च्या ‘डूम्सडे’ पाहणीत या गावाची नोंद आढळते. गावाभोवतालची लागवडीची जमीन पूर्वापार मोठमोठ्या खुल्या शेतांत विभागलेली होती. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही त्यांपैकी तीन शेते आजही टिकून आहेत. प्रत्येक शेताचे लांबट पट्टे पाडलेले असून एका शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असतात. दोन पट्ट्यांमध्ये कुंपण नसते. परंपरेनुसार एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंत ऋतूत पेरावयाचे पीक आणि तिसरे पड, असा क्रम दर वर्षी पुढे सरकतो.

पट्टे विखुरलेले असल्यामुळे चांगली व हलकी जमीन सर्वांच्या वाट्याला येते. एका भागात पाणी साचून पीक बुडाले तरी कोणा एकाचेच संपूर्ण नुकसान होत नाही. मात्र या पद्धतीत एकट्याने वेगळे वागता येत नाही. शेजारी गहू पेरीत असताना स्वतःचा पट्टा पड ठेवणे किंवा पड शेतात मनास येईल ते पीक घेणे शक्य नसते. नव्या पिकांचा व सुधारित अवजारांचा पुरस्कार करणाऱ्या अठराव्या शतकातील सुधारकांनी या पद्धतीवर टीका केली ती याच कारणास्तव.

शेतांच्या मधील ओलसर किंवा उताराच्या, नांगराला न जुमानणाऱ्या गवताळ पट्ट्यांना ‘साइक’ म्हणतात. तेथील गवताचा दर वर्षी लिलाव होतो.

कुंपणांचा काळ

१६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडच्या पार्लमेंटने कुंपणबंदीचे पाच हजारांहून अधिक कायदे संमत केले. त्यांनी खुली शेते व गायराने यांची वाटणी होऊन ती खाजगी मालकीच्या बंदिस्त शेतांत रूपांतरित झाली. उत्पादन वाढले, पण ज्यांचा निर्वाह गायरानातील चराईच्या व सरपणाच्या हक्कावर अवलंबून होता, अशा अनेक गरीब कुटुंबांवर मजुरी पत्करण्याची वेळ आली. लॅक्स्टनची काही जमीनही अशीच बंदिस्त झाली. उरलेली खुली शेते वाचण्याचे एक कारण मोठे गमतीचे आहे. अर्ल मॅनव्हर्स व अर्ल ऑफ स्कारबरो या दोन जमीनदारांचे आपसांत एकमत होऊ शकले नाही!

मार्क पिअर्स याने १६३५ मध्ये तयार केलेला गावाचा नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात एकेक पट्टा दाखविलेला आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पट्टे एकत्र करून त्यांची संख्या कमी करण्यात आली. पद्धत मात्र कायम राहिली.

गावाची न्यायसभा

जेथे बांध नाही तेथे शेजाऱ्याच्या जमिनीत नांगराचे एखादे तास जादा घालण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे ‘कोर्ट लीट’ ही न्यायसभा. नोव्हेंबरच्या अखेरीस तिने नेमलेले पंच गव्हाच्या शेतात फिरतात, चर व वाटा तपासतात आणि हद्दीच्या खुंट्या ठोकतात. आठवड्याभराने डव्हकोट इनमध्ये सभा भरते व नियम मोडणाऱ्यास दंड होतो. दंडाची रक्कम किरकोळ असते. खरी शिक्षा असते ती शेजाऱ्यांसमक्ष नाव पुकारले जाण्याची. १९७७ च्या कायद्याने देशातील अशा जुन्या न्यायसभांचे अधिकार संपुष्टात आणले, तेव्हा लॅक्स्टनचा अपवाद करण्यात आला.

वारसा आणि उपजीविका

मॅनव्हर्स घराण्याने १९५२ मध्ये ही जमीन कृषी मंत्रालयाला विकली. १९८१ मध्ये ती राजसंपदेच्या विश्वस्तांकडे आणि २०२० मध्ये मॅनव्हर्स घराण्याच्या वारसांच्या थोर्सबी इस्टेटकडे आली. मालक बदलले, तरी पद्धतीचे भवितव्य अखेर कसणाऱ्यांवरच अवलंबून आहे. अवजड यंत्रांना विखुरलेले पट्टे गैरसोयीचे ठरतात आणि लहान शेतीवर कुटुंब चालविणे कठीण होत जाते. पुरातन वास्तूचे जतन दगडमातीची डागडुजी करून साधते. लॅक्स्टनचे जतन मात्र दर वर्षी नांगर धरणारी आणि शेजाऱ्यांचा निवाडा मानणारी माणसे असतील तोवरच शक्य आहे.