किल्ले, नदी आणि पायवाटा

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• पायवाट ही इतिहासाचे साधन कशी ठरते, हे सांगू शकाल;
• जबलपूर परिसरातील ऐतिहासिक स्थळांचा परस्परसंबंध स्पष्ट करू शकाल;
• जुन्या वाटा टिकवण्यात समाजाचा वाटा कोणता, यावर स्वतःचे मत मांडू शकाल;
• स्थलवर्णनपर लेखनाची वैशिष्ट्ये ओळखू शकाल.

मूळ पाठ

स्पेन देशाच्या दक्षिणेस हाएन नावाचा प्रांत आहे. तेथे टेकड्यांमागून टेकड्या ऑलिव्हच्या झाडांनी भरलेल्या आहेत. या झाडांची संख्या सहा कोटींहून अधिक सांगितली जाते. झाडांच्या रांगांमधून डोके वर काढणारे जुने किल्ले आणि टेहळणीचे बुरूज दिसतात. एके काळी या भागातून ऑलिव्हचे तेल वाहून नेणारी आगगाडी धावत असे. गाडी बंद पडली, रूळ निघाले; पण तिचा मार्ग मात्र लोकांनी मोडू दिला नाही. त्यावरून आता माणसे पायी आणि सायकलीने जातात. याच देशाच्या उत्तरेस सांतियागोची प्राचीन यात्रावाट आहे. वाटसरूने चुकू नये म्हणून तिच्या कडेला दगडांवर, झाडांवर, घरांच्या भिंतींवर पिवळे बाण रंगवलेले आहेत. ही वाट १९९३ साली जागतिक वारशाच्या यादीत आली.

हे वाचून आपल्याला वाटेल, की असे किल्ले आणि अशा वाटा पाहण्यासाठी दूर देशी जावे लागते. वस्तुतः तसे नाही. मध्य प्रदेशातील जबलपूर शहराच्या आसपास एक-दोन दिवस पायी फिरणाऱ्याला हजार वर्षांचा इतिहास भेटतो. मात्र येथे ऑलिव्ह नाही. येथे मोह, पळस आणि साग आहे. येथे पिवळे बाणही नाहीत. येथे वाट दाखवते ती नर्मदा.

शहराच्या नैर्ऋत्येस काळ्या-करड्या ग्रॅनाइट खडकांची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर एका प्रचंड खडकाचा आधार घेऊन मदनमहाल उभा आहे. गोंड राजा मदनशाह याच्या नावाने ही वास्तू ओळखली जाते. महाल म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे दालने आणि दरबार उभे राहतात. येथे त्यांतले काही नाही. ही लहानशी, भक्कम चौकी आहे. वर चढून चारही दिशांना पाहिले, की तिचे प्रयोजन ध्यानात येते. दूरवरून येणारी फौज, धूळ वा धूर येथून आधी दिसे. टेकडीच्या उतरणीवर एक मोठा खडक दुसऱ्या खडकावर अगदी थोड्या जागेत टेकलेला आहे. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला मोठा भूकंप झाला, अनेक घरे पडली. हा खडक मात्र ढळला नाही.

टेकडीच्या परिसरात संग्रामसागर हा तलाव आहे. राजा संग्रामशाहाच्या काळात गढ्याचे गोंड राज्य वैभवास पोहोचले. त्याच्याकडे बावन्न गढ होते, असे परंपरा सांगते. त्याची सून म्हणजे राणी दुर्गावती. तिचा जन्म १५२४ मध्ये चंदेल कुळात झाला. पती दलपतशाह याच्या मृत्यूनंतर लहानग्या वीरनारायणाच्या नावाने तिने सुमारे चौदा वर्षे राज्यकारभार केला. शहरातील राणीताल, चेरीताल, आधारताल ही तलावांची नावे लोकपरंपरेने राणीशी, तिच्या दासीशी आणि आधार कायस्थ या तिच्या मंत्र्याशी जोडली आहेत. किल्ला राज्याचे रक्षण करतो, तलाव राज्य जगवतो. गोंड राजवटीने दोन्ही बांधले, हे विसरता कामा नये.

१५६४ साली अकबराचा सरदार आसफखान याने या राज्यावर चाल केली. बरेल्याजवळ नर्रई येथे, नदी आणि डोंगर यांच्या अडचणीच्या जागी राणीने लढाई दिली. बाणांनी घायाळ झाल्यावर शत्रूच्या हाती जिवंत सापडण्यापेक्षा तिने स्वतःच्या कट्यारीने प्राण दिला. तो दिवस होता २४ जून. तेथे तिची समाधी आहे. या वाटेने जाणारा वाटसरू जवळपासचा पांढराशुभ्र खडा निवडून समाधीवर ठेवतो, अशी प्रथा एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी स्लीमन याने नोंदवली आहे. एका साध्या खड्याने वाटसरूंनी शतकानुशतके ही आठवण जपली.

पुढे १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य जिंकले. त्यानंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या अखेरीस जबलपूर इंग्रजांच्या ताब्यात आले.

आता भेडाघाटच्या दिशेने चालू लागावे. वाटेत तेवर नावाचे गाव लागते. हीच कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी. १९३९ साली सुभाषचंद्र बोस ज्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, त्याला याच त्रिपुरीचे नाव दिले गेले. भेडाघाटला टेकडीवर चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर आहे. ते कलचुरींच्या काळातील, दहाव्या शतकातील आहे. खाली संगमरवरी कड्यांच्या मधून नर्मदा वाहते आणि धुवांधार येथे उडी घेते. तेथून नदीच्या वरच्या अंगाला लम्हेटाघाट आहे. येथील खडकांच्या थरांना भूवैज्ञानिकांनी ‘लम्हेटा’ हेच नाव दिले आहे. अशाच थरांतून १८२८ साली जबलपूरजवळ डायनोसॉरची हाडे मिळाली होती. राजे आणि राजधान्या यांच्या कितीतरी आधीचा इतिहास या वाटेवर पायांखाली आहे.

लम्हेटाघाटाहून तिलवाराघाट आणि तेथून ग्वारीघाट, ही नर्मदा परिक्रमेची वाट आहे. परिक्रमावासी नदी सतत उजव्या हाताला ठेवतो आणि ती मध्येच ओलांडत नाही. म्हणून जबलपूरच्या, म्हणजे उत्तरेच्या तीरावर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना दिसेल. नर्मदेची लांबी सुमारे १,३१२ किलोमीटर आहे. दोन्ही तीरांची वाट त्याच्या दुपटीहून अधिक होते. परंपरेने या परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत. एवढ्या दिवसांत वाटसरू जेवतो कोठे? उत्तर साधे आहे : तीरावरच्या घरांत. कोणी पीठ-डाळ देतो, कोणी भाकरी, कोणी ओसरीवर पथारीपुरती जागा. या अन्नदानाला ‘सदावर्त’ म्हणतात. देणारा बहुधा श्रीमंत नसतो. स्पेनमधील वाट बाणांनी आणि संस्थांनी राखली, नर्मदेची वाट या घरांनी राखली.

मराठी वाचकांना ही परिक्रमा गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या पुस्तकामुळे परिचित आहे. जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, जबलपूरहून मंडल्याच्या दिशेने पहिली पदयात्रा केली. पुढे अनेक वर्षे ते टप्प्याटप्प्याने चालत राहिले. २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी रेखाटलेल्या आणि लिहिलेल्या पहिल्या यात्रेतील बराच प्रदेश आज पाहता येत नाही. कारण जबलपूरच्या वरच्या अंगाला बर्गी धरण झाले आणि १९९० च्या सुमारास जलाशय भरला.

येथे विचार करण्याजोगा प्रश्न निर्माण होतो. धरणामुळे वीज मिळाली, शहराला पाणी मिळाले, शेते भिजली. दुसरीकडे १६२ गावांना त्याची झळ लागली. विस्थापितांपैकी कित्येकांना जबलपुरात येऊन रिक्षा ओढावी लागली, मजुरी करावी लागली. ज्या ओसरीवर परिक्रमावासी निजत, ती ओसरीच पाण्याखाली गेली. आता वाटसरू जलाशयाला दूरचा वळसा घालून जातो. वाट नव्याने सापडते. मोडलेले घर तसेच सापडत नाही.

असाच प्रश्न मदनमहालाच्या टेकडीवरही उभा राहिला. तेथे अनेक वर्षांपासून गरिबांची वस्ती होती. न्यायालयाच्या आदेशानंतर ती हटवण्यात आली आणि टेकडी मोकळी झाली. प्राचीन खडक आणि किल्ला वाचणे आवश्यकच होते. पण ज्यांची घरे उठली, त्यांचे पुढे काय झाले, हे विचारणेही तितकेच आवश्यक आहे. वारसा जपण्याचे काम माणसांना वगळून पूर्ण होत नाही.

पायी चालणाऱ्याकडे फारसे काही नसते, पण त्याच्या वागण्यावर वाटेचे आयुष्य अवलंबून असते. किल्ल्याच्या भिंतीवर नाव कोरू नये. घाटावर प्लास्टिक टाकू नये. उभ्या पिकातून जाऊ नये. ज्याने पाणी दिले, त्याचे नाव-गाव विचारावे आणि त्याचे बोलणे ऐकावे. कारण पुस्तकात नसलेला इतिहास पुष्कळदा त्याच्यापाशी असतो. तुमच्याही गावाजवळ एखादी पडकी गढी, जुना घाट किंवा बाजाराची विसरलेली वाट असेल. कामावर जाताना तुम्ही तिच्यावरून रोज जातही असाल. ती कोणी पाडली, कोणी राखली, एवढे विचारायला सुरुवात केली, की अभ्यास सुरू झाला असे समजावे.

शब्दार्थ

टेहळणी – पाळत, नजर ठेवणे
प्रयोजन – हेतू
चाल करणे – स्वारी करणे
सदावर्त – वाटसरूंना नित्य केले जाणारे अन्नदान
ओसरी – घराच्या पुढील मोकळी, छपराखालची जागा
पथारी – अंथरूण
विस्थापित – मूळ ठिकाणाहून उठवले गेलेले
झळ लागणे – त्रास पोहोचणे

पाठगत प्रश्न

१. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(अ) कलचुरी राजांची राजधानी ......... ही होती. (मंडला / त्रिपुरी / सागर)
(आ) परिक्रमावासी नर्मदा ......... हाताला ठेवून चालतो. (डाव्या / उजव्या)
२. मदनमहाल ही चौकी असावी, असे लेखकाला का वाटते?

तुम्ही काय शिकलात?

• पायवाटेवरील किल्ले, तलाव, मंदिरे आणि खडक एकत्र पाहिले, की एखाद्या प्रदेशाचा इतिहास उलगडतो.
• नर्मदेची परिक्रमा-वाट तीरावरील लोकांच्या सदावर्तामुळे टिकली.
• विकास आणि वारसा यांचा विचार करताना तेथे राहणाऱ्या माणसांचा विचार अपरिहार्य आहे.

स्वाध्याय

१. स्पेनमधील वाटा आणि नर्मदेची वाट यांतील साम्य व भेद आठ-दहा ओळींत लिहा.
२. ‘किल्ला राज्याचे रक्षण करतो, तलाव राज्य जगवतो.’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. ‘वाट नव्याने सापडते, मोडलेले घर तसेच सापडत नाही.’ या वाक्यातून लेखकाला काय सुचवायचे आहे?
४. पुढील शब्दांचा विग्रह करून समास ओळखा : पीठ-डाळ, अन्नदान, नाव-गाव.
५. उपक्रम : तुमच्या परिसरातील एका जुन्या वाटेवरून चालून पाहा. तेथील वयस्क व्यक्तीशी बोला आणि त्या वाटेविषयी पंधरा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) त्रिपुरी (आ) उजव्या
२. तेथे दालने वा दरबार नाहीत. वास्तू लहान व भक्कम असून माथ्यावरून चारही दिशांवर नजर ठेवता येते.