नवऱ्याची सही लागत नाही

पुण्यात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पाट्यांना तोटा नाही. तरीही एकटी राहणारी, कमावती मुलगी पाळी चुकली की आधी मेडिकल स्टोअर गाठते. दवाखान्यात पहिला प्रश्न काय येणार, तिला ठाऊक असतं: ‘लग्न झालंय का? बरोबर कोण आलंय?’

गर्भपातासाठी अठरा वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही कायदा मागत नाही. मागतो तो दवाखाना, स्वतःच्या सोयीसाठी. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, पुढे २४ आठवड्यांपर्यंत ठरावीक परिस्थितीत दोघांचं. ही वाढीव मुदत अविवाहितेलाही आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर मात्र पालकांची लेखी संमती हवी आणि पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवावं लागतं. तिने व पालकांनी विनंती केली तर तिची ओळख उघड करावी लागत नाही.

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. आम्हा डॉक्टरांपैकी काहींना ते अजून पचलेलं दिसत नाही.

गर्भपाताच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका. गर्भ नळीत राहिला असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही, नळी फुटून जिवावर बेततं. गर्भ कुठे आणि किती आठवड्यांचा आहे हे आधी पाहावं लागतं. नऊ आठवड्यांच्या आत असेल तर गोळ्यांनी काम होतं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची गोळी वेगळी. ती चिठ्ठीशिवाय मिळते आणि राहिलेला गर्भ पाडत नाही. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी तिच्याहून खात्रीची. मूल झालेलं नसलं तरी ती बसवता येते, पण अविवाहित मुलीला हे सहसा कुणी सांगत नाही.

लग्नाबद्दल विचारलं तर ‘तपासणीसाठी हे गरजेचं आहे का?’ असं शांतपणे विचारा. संबंध आले आहेत का, याचं उत्तर मात्र खरं द्या. कोणत्या तपासण्या करायच्या ते त्यावर ठरतं. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत होते, निकाल गुप्त राहतो. धोका ताजा असेल तर मात्र नुसत्या तपासणीवर थांबू नका. प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. रात्र असली तरी तातडीच्या विभागात जा.