गाडीच्या समोरच्या काचेला तडा गेला तर...
हिशेब, माल आणि बसवणूक

आम्ही कापडाचा धंदा करणारी माणसे. माल आणण्यासाठी कधी मालेगाव, कधी सुरत, कधी भिवंडी असा प्रवास चालूच असतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. आमणे हे गाव भिवंडी तालुक्यातच असल्याने छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबाद) कापड व्यापाऱ्यांची मोठी सोय झाली. मात्र वेग वाढला की खर्चाचे प्रकारही वाढतात. त्यांतला एक म्हणजे पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा आणि गाडीच्या समोरच्या काचेला गेलेला तडा.

ताशी ६० ऐवजी १२० किलोमीटर वेग असेल तर धडकेचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून जुन्या रस्त्यावर नुसता टक् असा आवाज करून जाणारा खडा येथे काच फोडतो. अशा वेळी आपले बहुतेक बांधव दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर 'विमा आहे ना' म्हणून लगेच क्लेम टाकतात, नाही तर जो सर्वांत स्वस्त सांगेल त्याच्याकडून काच बसवून घेतात. दोन्ही बाबतीत हिशेब न करता पैसा जातो आणि दुसऱ्या बाबतीत जिवालाही धोका असतो. या लेखात हा विषय क्रमाने समजून घेऊ.

ही काच वेगळी का?

गाडीच्या बाजूच्या काचा सहसा टफन्ड असतात. फुटल्या की त्यांचा बारीक चुरा होतो. समोरची काच लॅमिनेटेड असते. तिच्यात काचेचे दोन पातळ थर असून मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. दगड लागला तरी तुकडे या पडद्याला धरून राहतात, डोळ्यात उडत नाहीत. या काचेचे मूळ फ्रान्समध्ये आहे. १९०३ साली एदुआर बेनेडिक्टस यांच्या प्रयोगशाळेतील एक बाटली खाली पडली. तिला तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आतल्या द्रवाचा पातळ पापुद्रा काचेला चिकटून राहिला होता. त्यावरून त्यांनी पुढे १९०९ मध्ये पेटंट घेतले. त्याच सुमारास, १९०८ मध्ये, आपल्या महाराष्ट्रात तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. आज चाकणला गाड्यांच्या काचा तयार होतात. म्हणजे हा माल आपल्याला परका राहिलेला नाही.

जुन्या अ‍ॅम्बॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनीची काच रबरात बसवलेली असे. रबर काढले की काच बाहेर. आजच्या गाड्यांत ती सीलंटने थेट पत्र्याला चिकटवलेली असते आणि गाडीच्या सांगाड्याचा भाग म्हणून काम करते. गाडी उलटली तर छताला आधार देण्यात तिचा वाटा असतो. अनेक गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना याच काचेवर टेकून प्रवाशाकडे वळते. काच नीट चिकटलेली नसेल तर ती एअरबॅगच्या धक्क्याने बाहेर निघू शकते आणि मग एअरबॅगचा उपयोग राहत नाही. म्हणूनच हे काम फक्त पाणी व वारा अडवण्याचे समजू नये.

बदलायची की दुरुस्त करायची?

प्रत्येक तड्यासाठी काच बदलावी लागत नाही. रुपयाच्या नाण्याएवढा किंवा त्याहून लहान टवका असेल, तो फक्त बाहेरच्या थरात असेल, काचेच्या कडेजवळ नसेल आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल, तर त्यात रेझिन भरून दुरुस्ती होऊ शकते. खर्च नव्या काचेच्या मानाने फारच कमी येतो. खूण पूर्णपणे जात नाही, पण तडा पुढे सरकणे थांबते. याउलट लांब तडा, कडेपर्यंत पोहोचलेला तडा, आतल्या थरापर्यंत गेलेला मार किंवा नजरेसमोरचा डाग असेल तर काच बदलणे हेच शहाणपणाचे.

टवका पडला की पहिले काम म्हणजे त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावणे. आत धूळ आणि पाणी गेले तर रेझिन नीट बसत नाही. दुसरे म्हणजे उन्हाची काळजी. मराठवाड्याच्या मे महिन्यात उन्हात उभी असलेली गाडी भट्टीसारखी तापते. अशा काचेवर आतून एकदम थंडगार एसी सोडला किंवा बाहेरून गार पाणी ओतले, की कालचा इवलासा टवका आज हातभर तडा होतो. आधी दारे उघडून गरम हवा जाऊ द्यावी, मग एसी हळूहळू वाढवावा. दुरुस्ती आठ दिवस पुढे ढकलली म्हणून पूर्ण काच घ्यावी लागली, असा प्रकार नेहमी होतो.

क्लेम करावा का? आधी हिशेब

कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. त्यातून आपल्या काचेचा पैसा मिळत नाही. त्यासाठी ओन डॅमेज विमा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा लागतो. काही बांधव फक्त थर्ड पार्टी घेतात. त्यांना काचेचा खर्च खिशातूनच करावा लागेल.

ज्यांच्याकडे पूर्ण विमा आहे त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. साध्या पॉलिसीतही काचेवर घसारा कापला जात नाही. रबर व प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात, काचेवर शून्य. म्हणून 'झिरो डेप नाही, तर काचेचे अर्धेच पैसे मिळतील' असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये. सीलंट, क्लिप अशा किरकोळ सामानाचा खर्च मात्र कापला जाऊ शकतो. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये सक्तीची वजावट असते. ती १५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला १,००० रुपये आणि त्यावरच्या कारला २,००० रुपये आहे.

खरा खर्च दिसत नाही, तो नो क्लेम बोनसमध्ये असतो. क्लेम न केल्यास हा बोनस पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा वाढतो. एक क्लेम केला की तो शून्यावर येतो.

उदाहरण घेऊ. समजा बोनस वजा करण्यापूर्वी ओन डॅमेजचा हप्ता १०,००० रुपये आहे आणि आज आपल्याला ३५ टक्के बोनस मिळतो. हप्ता तेवढाच राहील आणि पुढे दुसरा क्लेम होणार नाही असे धरू.

पहिले वर्ष : क्लेम न केल्यास हप्ता ५,५००, केल्यास १०,०००. फरक ४,५००.
दुसरे वर्ष : ५,००० आणि ८,०००. फरक ३,०००.
तिसरे वर्ष : ५,००० आणि ७,५००. फरक २,५००.
चौथे वर्ष : ५,००० आणि ६,५००. फरक १,५००.
पाचवे वर्ष : ५,००० आणि ५,५००. फरक ५००.

एकूण फरक १२,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर १४,१६०. वजावटीचे १,००० मिळवले तर १५,१६०. म्हणजे या उदाहरणात काचेचे बिल आठ-दहा हजारांचे असेल तर क्लेम करणे हा तोट्याचा सौदा आहे. बिल चाळीस हजारांचे असेल तर क्लेम जरूर करावा. प्रत्येकाने आपल्या पॉलिसीतील आकडे घालून हाच हिशेब करावा. काही पॉलिसींत बोनस सुरक्षित ठेवणारी जोड असते, काहींत काचेच्या दुरुस्तीमुळे बोनस जात नाही. एजंटला विचारण्यापूर्वी पॉलिसीचा कागद स्वतः वाचावा.

क्लेम करायचा ठरल्यास

काच काढण्यापूर्वी कंपनीला कळवावे. तडा, गाडीचा नंबर आणि काचेच्या कोपऱ्यातील छाप यांचे फोटो घ्यावेत. पाहणी होण्याआधी काच काढली तर वाद उभा राहतो. आरसी, लायसन्स आणि पॉलिसी तयार ठेवावी. कोणी मुद्दाम दगड मारून काच फोडली असेल तर पोलिसांत तक्रार द्यावी. कंपनीने विनाकारण पैसे कापले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही तर पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे जाता येते. तेथे फी लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे.

माल कसा ओळखावा?

आम्ही थान हातात घेतले की आधी काठावरचा गिरणीचा छाप पाहतो. काचेचा छाप तिच्या कोपऱ्यात असतो. त्यात बनवणाऱ्याचे नाव, ती लॅमिनेटेड असल्याची खूण आणि आयएसआय चिन्ह पाहावे. वाहनांच्या सुरक्षा काचेचे भारतीय मानक आयएस २५५३, भाग २ हे आहे. बाजारात साधारण तीन प्रकारचा माल मिळतो. पहिला, गाडीच्या कंपनीचे नाव असलेला. दुसरा, नामांकित काच कारखान्याचा स्वतःच्या नावाचा. तिसरा, छाप नसलेला किंवा पुसट छापाचा. पहिला महाग असतो. दुसऱ्यात पुष्कळदा चांगला माल कमी भावात मिळतो. तिसऱ्याला हात लावू नये. 'महंगा रोये एक बार, सस्ता रोये बार बार' ही म्हण येथे लागू पडते.

काच घेताना तिच्यातून लांबची सरळ रेष, जसे विजेचा खांब, पाहावी. खांब वाकडा किंवा हलता दिसला तर ती काच परत करावी, कारण रात्रीच्या प्रवासात डोळ्यांना त्रास होतो. काळसर काचेचा मोह टाळावा. समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे.

बसवणूक : खरी कसोटी

जालना रोडवरची शोरूम असो की गल्लीतला काचवाला, हे चार प्रश्न विचारावेत. सीलंट पीयूचे आहे की साधे सिलिकॉन? सिलिकॉन असेल तर नकार द्यावा. त्याची मुदत संपली आहे का? काच आणि पत्र्याला प्रायमर लावणार का? आणि गाडी किती तासांनी चालवता येईल? सीलंटच्या जातीप्रमाणे आणि हवेप्रमाणे हा वेळ एका तासापासून कित्येक तासांपर्यंत असतो. 'लगेच घेऊन जा' असे उत्तर मिळाले तर दुसरे दुकान पाहावे. जुनी काच काढताना पत्र्याचा रंग खरवडला गेला असेल तर तो आधी झाकून घ्यावा, नाही तर आत गंज धरतो आणि दोन पावसाळ्यांत पाणी गळू लागते.

पहिल्या दिवशी दार आपटू नये. एखादी खिडकी थोडी उघडी ठेवावी. चिकटपट्ट्या काढू नयेत. दोन दिवस जोराच्या पाण्याने गाडी धुऊ नये. नव्या गाड्यांत आरशामागे कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. त्याचा खर्च आधीच विचारावा.

फास्टॅग आणि बिल

काचेबरोबर फास्टॅगही जातो. जुना टॅग खरवडून परत चिकटवता येत नाही. ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडूनच त्याच गाडीसाठी नवा घ्यावा. खात्यातील शिल्लक बुडत नाही. टॅग हातात धरून दाखवण्याची सवय सोडावी. जुलै २०२५ पासून असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे धोरण आहे. राष्ट्रीय महामार्गावर चालू टॅग नसेल तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वा पट टोल, असा नियम १५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला होता. 

शेवटी बिल. पक्के बिल घ्यावे. त्यावर काचेची कंपनी, गाडीचा नंबर आणि बसवणुकीची वॉरंटी लिहून घ्यावी. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावे की माल वाहणाऱ्या टेम्पोच्या काचेवर भरलेल्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट मिळू शकते, घरच्या कारच्या काचेवर मिळत नाही. कच्च्या पावतीत वाचलेले शे-दोनशे रुपये काच गळू लागल्यावर कामी येत नाहीत, कारण तेव्हा दुकानदाराला दाखवायला हातात काहीच नसते.

थोडक्यात, टवका लहान असेपर्यंत दुरुस्त करावा, क्लेमच्या आधी बोनसचा हिशेब मांडावा, छाप पाहून काच घ्यावी आणि सीलंट सुकेपर्यंत धीर धरावा. ज्या काचेआड आपली लेकरे बसतात, तिच्या बाबतीत भाव जरूर करावा. पण भाव करायचा तो पैशांचा, मजबुतीचा नाही.