एकट्याचा वाद्यवृंद

वाद्यवृंद म्हटले की मोठा रंगमंच, वीस-पंचवीस वादक आणि समोर बसलेले श्रोते डोळ्यांपुढे येतात. पण आज आपल्या नया नगरातल्या लहानशा खोलीतही वाद्यवृंद तयार होऊ शकतो. संगणक, मायक्रोफोन, हेडफोन आणि एक गिटार एवढे सामान पुरते. ढोल-झांजा संगणकातूनच वाजवता येतात, त्यामुळे शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. आपल्या इमारतींत ही सोय लहान नव्हे!

हे घडते कसे? आवाज म्हणजे हवेतील कंप. मायक्रोफोन त्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो. संगणक त्या लहरी मोजून आकडे साठवतो. सीडीसाठी हे मोजमाप एका सेकंदात 44,100 वेळा केले जाते. आधी गिटार वाजवून साठवायची, मग ती ऐकत ऐकत दुसरे वाद्य वाजवायचे. असे थर चढत गेले की एकट्या माणसाचा वाद्यवृंद होतो. इंग्लंडचे माइक ओल्डफील्ड यांनी 'ट्यूब्युलर बेल्स' ही 1973 सालची तबकडी अशीच, बहुतेक वाद्ये स्वतः वाजवून केली. तेव्हा मात्र त्यासाठी स्टुडिओ आणि टेपची मोठी यंत्रे लागली. अशा संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. त्यातील रचना लांबलचक असतात आणि ताल मध्येच बदलतो.

मुंबईतले उदाहरण रॉकचे नाही, पण अधिक नवलाचे आहे. चरणजित सिंग हिंदी चित्रपटगीतांसाठी गिटार आणि इतर वाद्ये वाजवीत. त्यांच्याकडे जपानी रोलंड कंपनीची यंत्रे होती. तबला बाजूला ठेवून या यंत्रांच्या ठेक्यावर राग वाजवावेत, असे त्यांच्या मनात आले. घरी सराव करताना ते कानाला गोड लागले. 1982 साली त्यांची 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी निघाली. भैरव, तोडी, मालकंस असे दहा राग तिच्यात आहेत. तेव्हा ती फारशी खपली नाही. पुढे 1987 साली अमेरिकेतील शिकागोच्या तरुणांनी त्याच बास यंत्रावर केलेले नृत्यसंगीत गाजले. 2010 साली सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा परदेशी श्रोते चकित झाले. सत्तरी ओलांडल्यावर सिंग यांना युरोपातून वादनासाठी बोलावणी आली. 2015 साली त्यांचे निधन झाले.

त्या बास यंत्रात सुरांसाठी सोळा घरे असत. आजच्या संगणकातही ताल रचताना बहुधा सोळा चौकोनांची ओळ समोर येते. ते भरणे सोपे आहे. म्हणूनच घरगुती संगीत पुष्कळदा एकसारखे वाटते. यात यंत्राचा दोष नाही. ते हट्ट करीत नाही, आपणच आळस करतो. ज्याला वेगळे काही ऐकू येते, तो दोन चौकोन काढून टाकतो. उरतात चौदा. दोन चौकोनांची एक मात्रा धरली, तर झाल्या सात! सात मात्रांचा आपला रूपक ताल गझल ऐकताना तुमच्या कानांवरून गेला असेल. पिंक फ्लॉइड या इंग्रजी वाद्यवृंदाचे 'मनी' हे 1973 सालचे गीतही बहुतांश सातच्याच ठेक्यावर चालते.

आता बाकावर बोटांनी वाजवून पाहा : एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन. शेवटच्या दोननंतर न थांबता पुन्हा पहिल्या मात्रेवर या. सुरुवातीला बोट आठव्या मात्रेकडे धावेल. त्याला अडवा.