पृथ्वीची ओढ

मंडळी, हातातला खडा सोडला की खाली पडतो. वर का जात नाही? पृथ्वी त्याला आपल्याकडे ओढते म्हणून. भास्कराचार्यांनी ही गोष्ट ११५० साली आपल्या ग्रंथात लिहून ठेवली.

ही ओढ सगळीकडे सारखी असते काय? नाही. पृथ्वीपासून लांब जावं तशी ती कमी होते. किती कमी, याचा नियम न्यूटन या इंग्रज शास्त्रज्ञाने १६८७ साली मांडला. आपण तो पाढ्याने समजून घेऊ.

अंतर मोजायचं ते जमिनीपासून नव्हे, पृथ्वीच्या मध्यापासून. मध्यापासून आपल्या दुसरबीडच्या शिवारापर्यंत सुमारे ६,४०० किलोमीटर होतात. इथं ज्वारीचं पोतं स्प्रिंगच्या काट्यावर १०० किलो भरलं. तेच पोतं मध्यापासून दुप्पट अंतरावर नेलं, तर बे दुणे चार. ओढ चौथा हिस्सा, वजन २५ किलो. तिप्पट अंतरावर तीन त्रिक नऊ. वजन सुमारे ११ किलो. दहापट अंतरावर फक्त १ किलो. पोत्यातला एक दाणाही सांडलेला नाही. कमी झाली ती ओढ.

पण ओढ तुटत नाही, हे ध्यानात ठेवा. चंद्र मध्यापासून सुमारे साठपट अंतरावर आहे. तिथं ओढ ३,६०० वा हिस्साच उरते. तेवढ्या ओढीनेच चंद्र निघून न जाता पृथ्वीभोवती फिरत राहतो.

जवळ आल्यावर ओढ काय करते, ते आपल्याच जिल्ह्यात लोणारला दिसतं. तिथं विष्णूने लवणासुराला मारलं, अशी कथा आहे. शास्त्रज्ञांनी तिथला खडक तपासला. माणूस लिहायला शिकला त्याच्या फार आधी आकाशातून मोठा दगड येऊन काळ्या पाषाणावर आदळला, असं त्यांना आढळलं. तो लांब होता तेव्हा ओढ नाममात्र होती. जसजसा जवळ आला, तसतशी ओढ वाढली आणि वेगही वाढला. नुसत्या या ओढीनेच अशा दगडाला सेकंदाला ११ किलोमीटरचा वेग येतो. त्याचा मूळचा वेग निराळाच. म्हणून तर सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खळगा पडला.

पाटी घ्या आणि उत्तरं लिहा :
१. चौपट अंतरावर ते पोतं किती किलो भरेल?
२. तागडीवर तोलून हा फरक का दिसणार नाही? (दुसऱ्या पारड्यातल्या मापांचा विचार करा.)