ब्रिटनच्या धुराचा हिशेब

समजा, कोणी तुम्हांला विचारले, ‘तुमच्या पणजोबांच्या घरी चुलीतून वर्षाला किती धूर निघत असे?’ तुम्ही हसाल. धूर कोण मोजून ठेवतो? पण त्यांच्या जमाखर्चाच्या वहीत सरपणाचा हिशेब सापडला तर? मग धुराचाही अंदाज करता येईल.

ब्रिटन या देशाच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे. सन १८८० मध्ये हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड कोणी रोज मोजत नव्हते. परंतु खाणींतून किती कोळसा निघाला, परदेशी किती गेला, याच्या नोंदी होत्या. बाकीचे काम रसायनशास्त्राचे. कार्बनचा अणुभार १२, ऑक्सिजनचा १६. म्हणून १२ किलोग्रॅम कार्बन पूर्ण जळाला की ४४ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड होतो. एक टन कोळशात पाऊण टन कार्बन आहे असे धरा आणि वायू किती होईल ते काढून पाहा. उत्तर पावणेतीन टन येते. कोळशापेक्षा त्याचा वायू वजनाने जास्त कसा? वाढीव वजन हवेतल्या ऑक्सिजनचे!

या हिशेबावरून काढलेला दीडशे वर्षांचा आलेख मोठा बोलका आहे. १९१३ साली ब्रिटनच्या खाणींतून २८ कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला. तेवढा पुन्हा कधीच निघाला नाही. १९२६ पाशी आलेखात एक खोल खाच दिसते. खाणमालकांनी मजुरी कमी करून कामाचे तास वाढवायचे ठरवले. कामगारांनी ते नाकारले आणि खाणी कित्येक महिने बंद पडल्या. त्या वर्षीचे कोळशाचे उत्पादन आदल्या वर्षाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. खाणकामगाराच्या घरची उपासमार अशी हवेच्या आलेखात उमटली आहे. १९८४च्या संपाचीही खाच तेथे आहे.

आता एक चकवा पाहा. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस काळे धुके साचले आणि हजारो माणसे दगावली. मग १९५६ साली धुरावर बंधने घालणारा कायदा झाला. लंडनचे आकाश हळूहळू निवळले. तेव्हा आलेखही उतरला असेल, असे तुम्हांला वाटेल. पण तो चढतच राहिला! काजळी दिसते, कार्बन डाय-ऑक्साइडला रंग नाही, वास नाही. १९७०च्या सुमारास तो वर्षाला ६५ कोटी टनांच्या आसपास पोहोचला, तेव्हा कुठे उतार लागला.

उताराचे कारण एकच नाही. उत्तर समुद्राच्या तळाखालचा नैसर्गिक वायू १९६७ पासून किनाऱ्यावर येऊ लागला. १९९० नंतर वीजकेंद्रे त्यावर चालू लागली. तेवढीच वीज करताना कोळशाच्या मानाने नैसर्गिक वायूपासून सुमारे निम्माच कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. पुढे समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. २०१२ मध्ये ब्रिटनची सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ रोजी कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र बंद झाले. आज वर्षाचा आकडा १९७०च्या निम्म्याहून खाली, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळाइतका आला आहे.

मात्र कित्येक जुने कारखानेही याच काळात बंद झाले आणि त्यांचा माल परदेशातून येऊ लागला. तो माल बनवताना निघालेला वायू त्या त्या देशाच्या वहीत लिहिला जातो, ब्रिटनच्या नव्हे. आलेख वाचताना हे विसरून चालणार नाही.

शिवाय हा आलेख आहे तोटीतून दर वर्षी पडणाऱ्या पाण्याचा, हौदातल्या पाण्याचा नव्हे. तोटी आवळली तरी हौद लगेच रिकामा होत नाही. समुद्र आणि झाडे वायूचा बराचसा भाग शोषून घेतात, पण उरलेला शतकानुशतके हवेत राहतो. १८८२ साली लंडनच्या होबर्न भागात कोळशावरचे पहिले सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले. ते चारच वर्षे चालले. त्याच्या धुराड्यातून गेलेल्या वायूचा काही भाग आजही आपल्या डोक्यावरच्या हवेत आहे.